नऊ ओळींचं शिफारसपत्र

१४ जानेवारी

आत्या,

वरती "साष्टांग नमस्कार" लिहिलं की तू म्हणतेस शाई वाया घालवली, म्हणून थेट मुद्द्यावर येते. लेखी परीक्षा पास झाले! बारा जागांसाठी नऊशे अर्ज होते. त्यांतल्या चाळीस जणांना मुलाखतीला बोलावलंय आणि त्या चाळिसांत तुझी भाची आहे. मुलाखत तीस तारखेला.

फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस. मागे "फॉर्म भरला" म्हटलं तर "कोण मेला?" म्हणून रडायला लागलीस. त्यापेक्षा पत्र बरं.

दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स, तोही फक्त मोटर आणि जनरेटरचा. इथे शहरात मैत्रिणीच्या खोलीवर राहतेय, तर मी संस्थेची प्रयोगशाळा बाहेरून काचेतून पाहून आले. तुझ्या वर्कशॉपमध्ये आपण जे कानाने आणि हाताने ओळखतो ते सगळं तिथे मोजता येतं. आत्या, मला तिथे जायचंच आहे. दुसरं काही सुचत नाही.

अर्जासोबत शिफारसपत्र लागतं. आपल्या गावातल्या कॉलेजच्या विभागप्रमुख सरांचं पत्र बंद पाकिटातून गेलंय, त्यामुळे ती काळजी नाही. माझा प्रोजेक्टचा रिपोर्ट सोबत पाठवते. वाचून कसा वाटला ते कळव.

तुझी,
सुतळी

२० जानेवारी

सुतळे,

चाळिसांत आलीस ते वाचलं. दोनदा वाचलं. लाँड्रीवाला त्याची जळकी मोटर घेऊन समोर बसला होता, त्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान. माझी मोटर कधी मिळणार?" अशा माणसांबरोबर आयुष्य काढलंय मी.

आता नीट ऐक. मुलाखतीला जाताना नखं घासून जा, तुझ्या नखांत वार्निश असतं. माहीत नसेल तिथे "माहीत नाही" म्हण आणि गप्प बस. मोठी माणसं समोर बसली की तुला एकाचे चार शब्द करायची खोड आहे. आणि जेवून जा. उपाशीपोटी तू भांडकुदळ होतेस, ते माझ्यावर गेलंय.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. चार वर्षांत एकदा आपल्या वर्कशॉपमध्ये डोकावले नाहीत, मी दोनदा निरोप पाठवला तरी. पण वेळेला पत्र दिलं, तेवढं चांगलं केलं.

रिपोर्ट वाचला. चौथ्या पानावरची आकृती उलटी छापली आहेस. बाकी चालेल.

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

मुलाखत झाली. माझं डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

टेबलामागे पाचजण होते. चार पुरुष आणि एक प्रोफेसर बाई. पहिली वीस मिनिटं इतकी छान गेली म्हणून सांगू! बाईंनी विचारलं, "नुकतीच नव्याने गुंडाळलेली मोटर आहे. काही भार नसतानाही तापते. तुम्ही आधी काय बघाल?" मी म्हटलं, "आधी गुंडाळणाऱ्याला विचारीन, की जुनी कॉइल कापण्यापूर्वी वेढे मोजले होते का. चार वेढे कमी पडले असतील तर ती तापणारच." बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, मी आत.

मग अध्यक्षांनी पाकिटातून सरांचं पत्र काढलं. म्हणाले, "तुमच्याच कॉलेजातून, तुमच्याच वर्गातून आणखी एक विद्यार्थी आलाय. त्याच्याबद्दल तुमचे सर लिहितात, 'असा विद्यार्थी दहा वर्षांतून एखादाच.' दीड पान लिहिलंय. तुमच्याबद्दल नऊ ओळी. आणि शेवटची ओळ तर..." त्यांनी ती मोठ्याने वाचली. दोघं हसले. अगदी दात दाखवून. "ज्यांनी चार वर्षं शिकवलं त्यांनाच तुमच्याबद्दल इतपतच वाटत असेल, तर आम्ही काय समजायचं?"

मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. वीस मिनिटं मी जे बोलले त्याला काहीच किंमत नाही? मी समोर जिवंत बसलेली असताना ही माणसं कागदाला विचारतात, ही कशी आहे म्हणून!

निकाल लागला. आमच्या वर्गातला तो टॉपर बारांत आहे. मी प्रतीक्षा यादीत दुसरी. दोन-तीन जण दरवर्षी गळतात म्हणे, म्हणजे अजून आशा आहे. तू काही करू नकोस. खरंच, काहीही करू नकोस.

सुतळी

८ फेब्रुवारी

सुतळे,

"काही करू नकोस" असं मला लिहायचं म्हणजे लाल कापड हलवायचं. आज सकाळी वर्कशॉपला कुलूप लावलं आणि तडक तुझ्या कॉलेजात गेले.

तुझ्या सरांच्या खोलीबाहेर दीड तास बाकावर बसले. माझ्या अंगावर कामाचे कपडे होते, म्हणून शिपायाला वाटलं मी पंखा दुरुस्त करायला आले आहे. त्याने मला पंखा दाखवलासुद्धा. शेवटी सर आले. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "माझी भाची चार वर्षं तुमच्या वर्गात पहिल्या पाचांत होती. तिच्याबद्दल नऊ ओळी लिहिताना तुमचा हात दुखला? चांगलं लिहायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, तिने दुसरीकडून आणलं असतं. परक्या माणसांसमोर पोरीची शोभा केलीत!" आणखीही बोलले. ते लिहीत नाही, तुझ्या संस्कारांचा प्रश्न आहे.

तो माणूस आधी हसला, मग गोंधळला, मग त्याने कपाटातून फाईल काढून आपल्याच पत्राची नक्कल वाचायला घेतली. आणि सुतळे, तो ते पहिल्यांदाच वाचत होता! माणूस कधी पहिल्यांदा वाचतोय ते मला कळतं. वाचता वाचता लाल झाला. "अहो बाई, हे मी लिहिलेलंच नाही!" म्हणाला आणि कागद माझ्यापुढे आपटला.

मी म्हटलं, "खाली सही कुणाची आहे मग, पंखेवाल्याची?" आणि कागद उचलला.

"ही विद्यार्थिनी वेळेवर येते. यंत्राला हात लावण्याआधी वीज बंद आहे का हे दोनदा बघते. मोजल्याशिवाय कापत नाही. चूक झाली तर लपवत नाही." असं करत करत शेवटी, "हिचं काम चालेल."

ही वाक्यं माझी आहेत. मी रोज ओरडते ती. मला आवाज खाली करून बोलता येत नाही, म्हणून गल्लीभर ऐकू जातात, पण तुझ्या सरांच्या कानावर ती पडायचं काही कारण नाही.

मी कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. तो मागून ओरडत होता, की तो आता संस्थेला कळवून पत्र मागे घेणार.

सुतळे, हे पत्र कुणी लिहिलं? आणि खरं सांगायचं.

आत्या

१३ फेब्रुवारी

आत्या,

मी लिहिलं.

सरांकडे गेले तेव्हा त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "तूच लिहून आण, मी सही करतो. सगळ्यांना तेच सांगतो," म्हणाले. टॉपरनेही स्वतःच लिहिलं. "दहा वर्षांतून एखादाच" हे त्याने स्वतःच्या हाताने स्वतःबद्दल लिहिलंय, आणि कँटीनमध्ये बसून आम्हाला वाचून दाखवलंय. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

मग मी लिहायला बसले. दोन दिवस कागद कोरा. स्वतःची स्तुती कशी करायची हे मला येईना, कारण ती कशी असते हे मी ऐकलेलंच नाही! दहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की तुझ्याकडे येते. एवढ्या वर्षांत तू मला एकदा तरी "शाब्बास" म्हणालीस? माझ्या कानात जी वाक्यं होती ती सगळी तुझी होती. तीच लिहिली. आणि शेवटी माझ्या माहितीतला सगळ्यांत मोठा शब्द लिहिला. हॉस्पिटलच्या पाण्याच्या पंपाची ती मोटर आठवते? तू आठ दिवस खपून गुंडाळलीस, हात लावून, कान लावून बघितलीस आणि कार्डावर "चालेल" लिहिलंस. ती मोटर अकरा वर्षं एका दिवसाची सुट्टी न घेता चालली. मला वाटलं, याच्यापुढे कुणी काय लिहिणार? तो शब्द वाचून माणसं हसतील हे मला ठाऊकच नव्हतं. चूक माझी आहे, पण आत्या, थोडी तुझीही आहे.

तुला आधी सांगितलं नाही, कारण लाज वाटली. आणि सरांनाच शिव्या देत बसलीस तर बरं, असंही वाटलं. ते चुकलंच.

आता पुढचं. काल सरांचा फोन आला. तू येऊन गेल्यापासून ते घाबरले आहेत. म्हणतात, मी संस्थेला लिहून द्यायचं की तो कागद म्हणजे कच्चा मसुदा होता, माझ्या हलगर्जीपणामुळे चुकून पाकिटात गेला. मग ते दोन पानी झकास पत्र पाठवतील, नाहीतर आहे ते पत्रही मागे घेतील. झकास पत्राचा मसुदा कुणी लिहायचा? मीच! हे बोलताना त्यांना काही वाटलंसुद्धा नाही.

प्रतीक्षा यादीतून दोन जागा भरणार हे नक्की झालंय, आणि मी दुसरी आहे. म्हणजे मी ते चार शब्द खोटे लिहिले की मी आत. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. मी काय करू?

सुतळी

१७ फेब्रुवारी

सुतळे,

तुझं पत्र वाचून आधी पाना फेकून मारला. भिंतीला, कुणाला लागला नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा माझ्या मनात आलं, लिही. दे ते चार शब्द लिहून आणि बस आत जाऊन. ते बारा जण काय धुतल्या तांदळासारखे आहेत? तुझी जागा जाणार असेल तर खरेपणा घेऊन करायचंय काय, असं माझ्याच मनात आलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. अर्धा दिवस मी तसंच लिहायचं ठरवलं होतं.

मग तो कागद पुन्हा डोळ्यांपुढे आला. त्या नऊ ओळींत खोटं एकही अक्षर नाही. खोटी आहे ती फक्त खालची सही. आणि हा मनुष्य म्हणतो, त्या नऊ ओळी चूक म्हण आणि माझी सही खरी म्हण! माझं टाळकं फिरलं. चार वर्षं पगार घेऊन ज्याला स्वतःच्या विद्यार्थिनीबद्दल नऊ ओळी सुचत नाहीत, तो हलगर्जी नाही आणि तू हलगर्जी!

पण लिही किंवा लिहू नको, हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर जन्मभर एकतर माझ्यावर खापर फोडशील नाहीतर माझ्या नावाने फुशारक्या मारशील. जागा तुझी, सही तुझी. जे करशील ते मला लगेच कळव, वाट बघायला लावू नको.

आणि तू माझ्याबद्दल जे लिहिलंस ते मला फार लागलं. तुझ्या आईला विचार, लाँड्रीवाल्याला विचार, हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनला विचार, मी त्यांच्यापुढे तुझ्याबद्दल काय काय बोलते ते. त्यांचे कान किटलेत. तुझ्यापुढे बोलले नाही हे खरं आहे. माझ्या गुरूने मला शिकवताना कधी चांगलं म्हटलं नाही, आणि मला वाटलं शिकवायचं ते असंच. यावर मला आणखी लिहिता येत नाही.

आत्या

४ मार्च

आत्या,

लवकर कळवलं नाही, कारण सगळं संपल्यावरच कळवायचं ठरवलं होतं. ते आता संपलं.

एकोणीस तारखेला मी संस्थेला खरं ते लिहून दिलं. पत्र मी लिहिलं, सरांनी न वाचता सही केली, मजकूर मात्र खरा आहे. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. पाठवताना मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघा, किती प्रामाणिक मुलगी आहे. केवढी बावळट मी!

मला बोलावून घेतलं. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला, उमेदवाराने स्वतःचं शिफारसपत्र लिहिल्यास अर्ज रद्द. मी विचारलं, "आणि न वाचता सही करणाऱ्याचं काय?" म्हणाले, "त्यांच्याकडून गैरसमज झाल्याचं पत्र आलं आहे. त्यांच्यापुरता विषय संपला." एका माणसाचा गैरसमज होतो आणि दुसऱ्याचा गुन्हा! मी म्हटलं, "सर, ज्यांनी स्वतःबद्दल आकाशाएवढं लिहिलं त्यांची पत्रं तुम्हाला खरी वाटली. मी होतं तेवढंच लिहिलं म्हणून तुम्ही हसलात. आणि आता तेही मीच सांगितलं म्हणून मला बाहेर काढता?" आवाज चढला होता माझा. चढू दे. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी अर्ज करायला तुम्ही मोकळ्या आहात."

प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मुलाला जागा मिळाली. मी खाली उतरत होते तेव्हा टॉपर कुणाला तरी प्रयोगशाळा दाखवत होता.

जिन्यात त्या प्रोफेसर बाई मागून आल्या. म्हणाल्या, "मी विरोध केला होता, एकटीच पडले. पुढच्या वर्षी ये. आणि पत्र प्रोफेसरचंच हवं असा नियम नाही, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं चालतं. ज्यांनी तुला खरंच काम करताना पाहिलंय अशा कुणाचं आण."

मी "बरं" म्हटलं, पण मी जाणार नाही. पुन्हा त्या टेबलासमोर बसून कुणाच्या तरी कागदावर माझं वजन होताना बघायचं नाही मला. इथे मोटर तपासणीच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आहे, सोमवारपासून जाते. काम ठीक आहे. तू रागावू नकोस, मी खोटं लिहिलं नाही एवढंच. त्याचा आनंदही होत नाहीये.

सुतळी

१२ मार्च

सुतळे,

तू खरं लिहिलंस त्याचा मलाही आनंद झाला नाही. पहिले दोन दिवस मी नुसती चिडलेली होते. त्या अध्यक्षावर, तुझ्या सरांवर, आणि तुझ्यावरही, की या पोरीला वेळेवर खोटं बोलता येऊ नये! मग त्या चिडीतच कागद घेतला आणि त्या संस्थेला पत्र लिहायला बसले. शिव्या द्यायच्या होत्या. दोन ओळी शिव्या झाल्या आणि मग तुझ्याबद्दलच लिहीत गेले.

सहा दिवस लागले. तीन वेळा फाडलं. मला वाटलं होतं माझ्याही नऊ ओळीच होतील. साडेपाच पानं झाली. तू बारा वर्षांची असताना छपाईवाल्याच्या मोटरचे वेढे मी चुकीचे मोजले होते आणि तू हळूच म्हणाली होतीस, "आत्या, पुन्हा मोजूया का?" ते लिहिलं. तेव्हा मी तुलाच दटावलं होतं, आणि तू घरी गेल्यावर गुपचूप पुन्हा मोजले. तुझं बरोबर होतं. हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. असं बरंच निघालं. काही ठिकाणी शाई पसरली आहे, ते पाणी नाही.

पुढच्या वर्षी अर्जासोबत हे पत्र जाईल. खाली माझं नाव, वर्कशॉपचा शिक्का आणि "मोटर गुंडाळणारी, तेहेतीस वर्षं" असं लिहिलंय. हसायचं तर हसू देत.

तुझ्या सोमवारच्या नोकरीला जा. शीक तिथेही. पण "मी जाणार नाही" हे मला पुन्हा लिहून पाठवू नको. ती माणसं वाईट आहेत म्हणून ती प्रयोगशाळा वाईट होत नाही. ती तुझी जागा आहे आणि ती त्यांनी तुझ्या हातातून हिसकावून घेतली, तर आपण काय रुसून बसायचं?

आणखी एक. शिफारसपत्र बंद पाकिटात जातं, ज्याच्याबद्दल आहे त्याने ते वाचायचं नाही असा नियम आहे, हे मी विचारून घेतलं. गेला तो नियम उडत. पत्राच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलंय: "हे पत्र या मुलीने वाचलेलं आहे, कारण मीच तिला आधी वाचायला दिलं. पटत नसेल तर मला तसं कळवा." लपवाछपवी नको.

सोबत पाचही पानं आणि वरचं अर्धं जोडलं आहे. मोठ्याने वाच, खोलीतल्या मैत्रिणीलाही ऐकव, मला काही लाज नाही. त्यांची पाळी नंतर. आधी तू वाच.

आत्या